कोर्स नंतर निवडा, आधी आपल्याच पेशंटकडून शिकायची सोय करा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा, की प्रायमरी केअरमध्ये बरीच वर्षं झाली, सीएमईला (डॉक्टरांच्या सततच्या शिक्षणाच्या सभांना) नियमित जाता, त्याचे क्रेडिट पॉइंट पुरे होतात, पण रोजच्या ओपीडीत त्याचा फरक पडतोय असं वाटत नाही, तर आता कुठला कोर्स किंवा डिप्लोमा करावा, आणि हाताखाली आलेले दोन ज्युनियर डॉक्टर आणि सिस्टर यांना कसं तयार करावं. मीही याच कामात आहे, पेशंट बघते आणि ज्युनियरना शिकवतेही, त्यामुळे जरा सविस्तरच लिहिते.

कोर्सचं शेवटी बोलू. कारण कोर्स निवडायचा तर आपल्याला काय येत नाही हे आधी माहीत पाहिजे, आणि नेमकं तेच आपल्याला आतून कळत नाही. हे माझं मत नाही, मोजलेली गोष्ट आहे. २००६ साली डेव्हिस आणि सहकाऱ्यांनी 'जामा' या वैद्यकीय नियतकालिकात एक आढावा छापला, त्यात डॉक्टरांचा स्वतःच्या कौशल्याबद्दलचा अंदाज आणि बाहेरून मोजलेलं कौशल्य यांच्या २० तुलना होत्या. त्यातल्या १३ मध्ये दोघांचा मेळ फार थोडा, किंवा अजिबात नाही, किंवा चक्क उलटा निघाला. आणि सगळ्यात मोठा घोळ कुणाचा, तर ज्यांचं कौशल्य कमी आणि आत्मविश्वास दांडगा त्यांचा. त्याच्या आदल्या वर्षी चौधरी आणि सहकाऱ्यांनी 'ॲनल्स ऑफ इंटर्नल मेडिसिन'मध्ये ६२ मूल्यमापनं एकत्र पाहिली, त्यातल्या ३२ मध्ये प्रॅक्टिसची वर्षं वाढत गेली तशी मोजलेल्या सगळ्या बाबतीत कामगिरी खाली गेलेली दिसली. म्हणजे अनुभव आपोआप शिकवतो हे आपण जे धरून चालतो ते तितकंसं खरं नाही. अनुभव शिकवतो, पण आपण केलेल्या कामाचं पुढे काय झालं हे परत आपल्या कानावर आलं तरच.

आणि आपल्या कामात नेमकं तेच येत नाही. वॉर्डमधल्या डॉक्टरला सकाळी दिलेल्या औषधाचा परिणाम संध्याकाळी दिसतो, रिपोर्ट येतो, सीनियर राऊंडला विचारतो. आपल्याकडे पेशंट औषध घेऊन घरी जातो आणि परत आला नाही तर आपण समजतो बरा झाला. तो बरा झाला असेल, दुसऱ्या डॉक्टरकडे गेला असेल, ॲडमिट झाला असेल, आपल्याला पत्ता नसतो. वर्षानुवर्षं असं चाललं की चुकीची सवयसुद्धा बरोबर वाटायला लागते, कारण तिला टोकणारं कुणी नसतं. म्हणून मला विचाराल तर प्रायमरी केअरमधलं ट्रेनिंग म्हणजे मुख्यतः हा तुटलेला धागा परत जोडणं, बाकी लेक्चर, ॲप, सर्टिफिकेट हे सगळं त्याच्यानंतर.

दुसरी अडचण आपल्या शिक्षणातच आहे. केर व्हाइट आणि सहकाऱ्यांनी १९६१ साली एक हिशेब मांडला होता, १००० प्रौढ माणसं घेतली तर एका महिन्यात त्यातल्या साधारण ७५० जणांना काही ना काही दुखणं होतं, २५० डॉक्टरकडे जातात, ९ ॲडमिट होतात, ५ दुसऱ्या डॉक्टरकडे रेफर होतात आणि फक्त १ जण युनिव्हर्सिटीच्या मोठ्या हॉस्पिटलात पोचतो. आकडे अमेरिका आणि ब्रिटनमधले, आणि जुने आहेत, पण २००१ साली अमेरिकेत परत मोजलं तेव्हाही चित्र फारसं बदललेलं नव्हतं. आता बघा, आपलं बहुतेक सगळं शिक्षण त्या एका माणसाच्या भोवती झालं आणि आयुष्य मात्र त्या अडीचशे लोकांत काढायचं. तिथे छातीत दुखणं म्हणजे हृदयच असण्याची शक्यता जास्त, इथे स्नायू, ॲसिडिटी, काळजी असं बरंच काही आणि त्यात मधूनच एक खरा हार्ट अटॅक. तिथे निदानाला नाव असतं, इथे पेशंट पहिल्या दिवशीचा ताप घेऊन येतो ज्याला अजून काही रूपच आलेलं नसतं. सीएमईत येऊन बोलणारे स्पेशालिस्ट बहुतेक वेळा त्या एकाबद्दल बोलतात, मनापासून आणि चांगलं बोलतात, पण तुमच्या ओपीडीत फरक पडत नाही असं जे तुम्हाला वाटतं त्याचं एक कारण हे आहे. लेक्चर अगदी वाया जातं असं नाही हं, कॉक्रेन या, वैद्यकीय अभ्यास एकत्र तपासणाऱ्या संस्थेच्या २००९ च्या आढाव्यात अशा शैक्षणिक सभांनी डॉक्टरांच्या अपेक्षित वागणुकीत मधला (मीडियन) फरक ६ टक्क्यांच्या आसपास पडलेला दिसतो, नुसत्या भाषणापेक्षा भाषण आणि प्रत्यक्ष सहभाग असं मिश्रण असेल तर जास्त, पण गुंतागुंतीच्या सवयी बदलायच्या असतील तर नुसती सभा पुरत नाही.

मग करायचं काय. मी सगळ्यांना पहिली गोष्ट सांगते ती खिशातल्या छोट्या वहीची, मोबाईलमधली नोटही चालेल. पेशंट बघताना जो प्रश्न मनात येऊन गेला तो तिथल्या तिथे एका ओळीत लिहायचा, पेशंटचं नाव नाही, फक्त प्रश्न. डेल फिओल आणि सहकाऱ्यांचा २०१४ चा आढावा आहे, त्यात दर दोन पेशंटमागे एक तरी क्लिनिकल प्रश्न डॉक्टरला पडतो असं दिसलं, त्यातले जेमतेम निम्मे शोधले जातात, पण जे शोधले जातात त्यांचं उत्तर ७८ टक्के वेळा मिळतं. म्हणजे उत्तर नसतं असं नाही, शोधायचं राहून जातं, आणि राहून जातं कारण पुढचा पेशंट दारात उभा असतो आणि संध्याकाळपर्यंत प्रश्नच विसरलेला असतो. प्रश्न नीट लिहिणं हीसुद्धा शिकायची गोष्ट आहे. 'डायबिटीसचं वाचायला पाहिजे' हा प्रश्न नाही, त्याने काही होत नाही. 'क्रिएटिनिन १.६ आहे, वय ६८, मेटफॉर्मिन चालू ठेवू का' हा प्रश्न. हाच घेऊ. मेटफॉर्मिन हे डायबिटीसचं नेहमीचं औषध, क्रिएटिनिन हा किडनीचं काम दाखवणारा रक्तातला आकडा. आपल्यातल्या पुष्कळ जणांच्या डोक्यात अजून बसलंय की क्रिएटिनिन पुरुषात १.५ आणि बाईत १.४ झालं की मेटफॉर्मिन बंद. अमेरिकेच्या एफडीएने २०१६ साली हा नियम बदलला, आता क्रिएटिनिनच्या आकड्यावर नाही तर ईजीएफआरवर (किडनी मिनिटाला किती रक्त गाळते त्याचा अंदाज) ठरवायचं, ३० च्या खाली बंद, ३० ते ४५ मध्ये नव्याने सुरू करायचं नाही आणि आधीपासून चालू असेल तर फायदा-धोका परत बघून पुढे चालू ठेवायचं की नाही ते ठरवायचं. वहीतल्या एका ओळीचं उत्तर दहा मिनिटांत मिळतं आणि ते अशा पेशंटला चिकटलेलं असतं जो पुढच्या महिन्यात परत येणार आहे, म्हणून ते विसरत नाही. शिवाय महिन्याभराने वही उलटून बघा, प्रश्नांचे गठ्ठे दिसतात. कुणाचे निम्मे प्रश्न त्वचेचे असतात, कुणाचे गरोदर बाईला कुठलं औषध चालतं याचे, कुणाचे मानसिक आजारांचे. कुठला कोर्स करायचा ते इथून कळायला लागतं. आठवड्यातून एक ठरलेली वेळ ठेवा, दोन किंवा तीन प्रश्न, जास्त नाही, आणि शोधताना एखादी चांगली गाईडलाईन किंवा सिस्टिमॅटिक रिव्ह्यू (एका प्रश्नावरचे सगळे अभ्यास पद्धतशीर तपासणारा आढावा) आधी बघा, पहिली सापडलेली वेबसाईट नको, कंपनीच्या प्रतिनिधीने ठेवलेला कागद तर नकोच. कंपनीच्या पैशावरचं शिक्षण याबद्दल मी कडक आहे, त्यातली माहिती खोटी नसली तरी कुठल्या विषयावर बोलायचं हे औषध कुठलं विकायचंय त्यावर ठरतं, आणि आपल्या पेशंटची गरज तिथे कुणी विचारलेली नसते.

वहीने आपल्याला पडलेले प्रश्न सापडतात. जे प्रश्न पडतच नाहीत त्यांच्यासाठी ऑडिट. शब्द ऐकून लोक दचकतात, इन्स्पेक्शन वगैरे डोळ्यांसमोर येतं, पण आपलं ऑडिट म्हणजे एवढंच की एक साधा निकष घ्यायचा आणि आपल्याच रेकॉर्डमध्ये तो किती वेळा पाळला गेला ते मोजायचं. डायबिटीसच्या शेवटच्या ३० पेशंटचे केसपेपर काढा, निवडून नाही हं, ओळीने जे येतील ते. गेल्या वर्षभरात पायाची तपासणी किती जणांची नोंदलेली आहे मोजा. मोनोफिलामेंटने (पायाला टेकवायचा नायलॉनचा बारीक तंतू) संवेदना बघितली का, पायाची नाडी बघितली का, की नुसतं पाय ठीक असं लिहिलंय. आकडा जो येईल तो येऊ द्या. तो बघितल्यावर 'डायबिटिक फूट' या विषयावर लेक्चर ऐकायची गरज आहे की मोजे काढून ठेवायला सिस्टरने आधीच सांगायची गरज आहे हे आपोआप कळतं, आणि बहुतेक वेळा दुसरं असतं! डॉक्टरला माहीत असतं सगळं, फक्त पेशंट समोर बसेपर्यंत बूट पायातच असतात आणि वेळ संपलेला असतो. ज्ञान कमी पडतंय आणि व्यवस्था कमी पडतेय यातला फरक ओळखता आला की अर्धं ट्रेनिंग वाचतं.

ऑडिट आणि फीडबॅकवर कॉक्रेनचा २०१२ चा मोठा आढावा आहे, १४० अभ्यासांचा. मधला फायदा ४.३ टक्के, म्हणजे फार नाही, पण तो सगळीकडे सारखा नव्हता, काही ठिकाणी जवळपास शून्य तर काही ठिकाणी १६ टक्के आणि त्याच्याही वर. जिथे सुरुवातीची कामगिरी कमी होती, फीडबॅक देणारा सीनियर किंवा बरोबरीचा सहकारी होता, एकदाच न देता परत परत दिला, तोंडी आणि लेखी दोन्ही दिला, आणि पुढचं लक्ष्य आणि ते गाठायचं कसं हे ठरवून दिलं, तिथे फायदा जास्त दिसला. हे वाचून मी ज्युनियरच्या ऑडिटची पद्धत अशी ठेवते की आकडा सांगून कुणी उठायचं नाही, 'पुढच्या तीन महिन्यांत इतक्यावरून इतक्यावर, आणि त्यासाठी उद्यापासून हे एक काम वेगळं करणार' एवढं लिहूनच उठायचं.

इथे ज्युलियन ट्यूडर हार्ट यांचं नाव घेतल्याशिवाय राहवत नाही. साऊथ वेल्समधल्या ग्लिनकॉरग या खाणकामगारांच्या गावात त्यांनी बरीच वर्षं प्रॅक्टिस केली, आणि आपल्याकडे नोंदलेल्या सगळ्या प्रौढांचं बीपी मोजायचं असं ठरवून खरोखर जवळपास सगळ्यांचं मोजलं, जे येत नव्हते त्यांना शोधून मोजलं. १९७१ साली 'लॅन्सेट'मध्ये त्यांनीच लिहिलं की जिथे चांगल्या उपचारांची गरज जास्त तिथेच ते कमी मिळतात. हे सगळं एका गावातल्या जनरल प्रॅक्टिशनरने, आपले कागद नीट ठेवून आणि जे येत नाहीत त्यांचाही हिशेब धरून. आपण सगळे जो येतो त्यालाच बघतो, जो येत नाही तो आपल्या शिकण्यातूनही गळतो, ही गोष्ट मला त्यांच्या कामातून कळली.

बीपीचा विषय निघालाच आहे तर ज्युनियर आणि सिस्टरच्या ट्रेनिंगकडे येते, कारण मी सुरुवात तिथूनच करते. जॉर्ज मिलर यांनी १९९० साली एक पिरॅमिड मांडला, खालून वर चार पायऱ्या, माहीत आहे, कसं करायचं ते सांगता येतं, करून दाखवता येतं, आणि रोजच्या कामात खरंच करतो. आपल्या परीक्षा बहुतेक खालच्या दोन पायऱ्यांवर होतात, पेशंटच्या वाट्याला मात्र सगळ्यात वरची येते. कुठल्याही ज्युनियरला विचारा बीपी कसं मोजायचं, बरोब्बर सांगेल. पाच मिनिटं शांत बसवायचं, पाठीला टेकू, पाय जमिनीवर सरळ, हात हृदयाच्या पातळीला आणि आधारावर, कफ उघड्या दंडावर आणि मापाचा, कारण छोटा कफ लावला की बीपी खोटं जास्त येतं, मोजताना दोघांनी बोलायचं नाही, मिनिटाभराने परत मोजायचं. आणि आता गपचूप ओपीडीत उभं राहून बघा प्रत्यक्षात काय होतं. पेशंट जिना चढून आलाय, स्टुलावर बसलाय, पाय लटकतायत, शर्टाच्या बाहीवर कफ, आणि त्याच वेळी आपण विचारतोय गोळ्या वेळेवर घेता का.

याची एक सोपी तपासणी आहे. हाताने मोजायच्या बीपी मशीनवर खुणा दोन दोनच्या असतात, म्हणजे शेवटचा आकडा ०, २, ४, ६, ८ यातला कुठलाही येऊ शकतो, साधारण पाचात एक वेळा शून्य यायला पाहिजे. तुमच्या रजिस्टरमधली मागची १०० रीडिंग काढा आणि शून्यावर संपणारी मोजा. साठ-सत्तर निघाली तर बीपी मोजलं जात नाहीये, अंदाजाने जवळच्या दहावर नेऊन लिहिलं जातंय, आणि त्या १४० वरून कुणाला आयुष्यभराची गोळी सुरू होतेय किंवा कुणाची राहतेय. हे रजिस्टर समोर ठेवून कुणालाही न रागावता एकदा दाखवलं की लेक्चरची गरज पडत नाही. नाव घेऊन कुणाचं किती असं मी सगळ्यांसमोर कधीच करत नाही, त्याने लोक आकडे बदलायला शिकतात, बीपी मोजायला नाही.

तसंच लहान मुलाचा श्वास मोजणं. खोकला-ताप घेऊन आलेल्या मुलात न्यूमोनिया ओळखायला महागडं काही लागत नाही, घड्याळ लागतं. दोन महिन्यांच्या आतल्या बाळात मिनिटाला ६० किंवा जास्त, दोन महिने ते वर्षाच्या आत ५० किंवा जास्त, एक ते पाच वर्षांत ४० किंवा जास्त म्हणजे जलद श्वास, आणि मोजायचा पूर्ण ६० सेकंद, मूल शांत असताना, रडताना किंवा दूध पिताना नाही. पंधरा सेकंद मोजून चारने गुणलं की एका श्वासाची गफलत चाराची होते, आणि ४८ आणि ५२ मध्ये इथे निर्णय बदलतो. मी नवीन माणसाला शेजारी बसवून एकाच मुलाचा श्वास दोघांनी एकाच वेळी मोजायचा, आकडा कागदावर लिहायचा आणि मग उघडायचा असं करते. सुरुवातीला फरक येतो, आठवड्याभरात जुळायला लागतो. छाती आत ओढली जातेय का हे मात्र कपडे वर केल्याशिवाय दिसत नाही, तेवढं सारखं सांगावं लागतं, डॉक्टरना जास्त आणि सिस्टरना कमी.

बोलण्याचं ट्रेनिंग. याला लोक सॉफ्ट स्किल म्हणतात आणि बाजूला ठेवतात, मला ते पटत नाही, प्रायमरी केअरमध्ये निदानाचं मुख्य साधनच बोलणं आहे. बेकमन आणि फ्रँकेल यांनी १९८४ साली ७४ भेटींचं रेकॉर्डिंग अभ्यासलं, डॉक्टर सरासरी १८ सेकंदांत पेशंटला मध्येच तोडत होते आणि जेमतेम २३ टक्के पेशंटना आपलं सुरुवातीचं सांगणं पूर्ण करता आलं. तोडलं नाही तर काय होईल, ओपीडी संपणार नाही, अशी सगळ्यांना भीती असते. ते पण मोजून झालंय. स्वित्झर्लंडमध्ये लांगेविट्स आणि सहकाऱ्यांनी २००२ साली ३३५ पेशंटना न तोडता बोलू दिलं, सरासरी ९२ सेकंदांत पेशंट आपणहून थांबले, ७८ टक्के तर दोन मिनिटांच्या आतच. त्यामुळे ज्युनियरला मी एवढंच करायला लावते, पहिल्या वाक्यानंतर पेन खाली ठेव, आणि तो थांबला की 'अजून काही?' असं विचार. 'अजून काही' नंतर जे येतं ते पुष्कळदा खरं कारण असतं, गुडघा दाखवायला आलेली बाई तेव्हा सांगते की तीन आठवडे झोप नाही किंवा संडासातून रक्त जातंय. पेशंटची परवानगी घेऊन कन्सल्टेशनचा व्हिडिओ काढता आला तर त्याच्यासारखं शिक्षण नाही, पहिल्यांदा स्वतःला बघणं सगळ्यांना जड जातं, म्हणून तो आधी ज्याचा त्याने एकट्याने बघावा आणि त्यातला कुठला तुकडा बाकीच्यांना दाखवायचा हे त्यानेच ठरवावं. फीडबॅक देताना 'छान होतं' आणि 'सुधारणा हवी' हे दोन्ही निरुपयोगी. 'तिने झोपेचं सांगितलं तेव्हा तू कॉम्प्युटरकडे बघत होतास, त्यानंतर ती परत गुडघ्यावर गेली' हा फीडबॅक. जे दिसलं ते सांगायचं, माणूस कसा आहे ते नाही. आणि महिन्यातून एखाद्या मोठ्या बैठकीपेक्षा रोज एका पेशंटला शेजारी बसून बघणं कितीतरी चांगलं.

आता तो तुटलेला धागा. ज्या पेशंटबद्दल मनात धाकधूक राहिली त्यांची एक छोटी यादी करा, 'बघू, तीन दिवसांनी या' म्हणून पाठवलेले, रेफर केलेले, निदान अर्धवट वाटलेले. सिस्टर किंवा तुम्ही ठरलेल्या दिवशी फोन करायचा, कसे आहात, पुढे काय झालं. आधी मात्र तुम्हाला काय वाटलं होतं ते लिहून ठेवलेलं असलं पाहिजे, 'व्हायरल वाटतंय, ८० टक्के खात्री' असं. कारण उत्तर कळल्यावर मन सांगतं मला माहीतच होतं, आणि शिकायचं राहून जातं. रेफर केलेल्या पेशंटबरोबर नुसती 'प्लीज सी' अशी चिठ्ठी न देता स्पष्ट प्रश्न लिहा, मला हे वाटतंय, हे केलंय, तुमच्याकडून हे हवंय, निदान काय झालं ते कृपया कळवा. चांगला प्रश्न लिहिलेला असला की चांगलं उत्तर येण्याची शक्यता वाढते, आणि ते उत्तर सगळ्यांनी मिळून वाचलं तर एक पत्र म्हणजे एक क्लास असतो. उशिरा सापडलेला कॅन्सर, चुकलेला डोस, हरवलेला रिपोर्ट असं काही झालं तर त्यावर बसताना कुणी केलं हा प्रश्न शेवटपर्यंत विचारू नका, कसं घडलं, कुठल्या क्षणी थांबवता आलं असतं, उद्यापासून काय बदलायचं. ज्या टीममध्ये माणसं घाबरतात तिथे पुढची चूक कळतच नाही.

आपण लहान ठिकाणी एकटे आहोत, स्पेशालिस्ट लांब, हे सगळं कसं जमणार असं म्हणाल तर प्रोजेक्ट एको बघा. न्यू मेक्सिकोत डॉ. संजीव अरोरा यांनी २००३ साली सुरू केलं, हिपॅटायटिस सी या यकृताच्या विषाणूजन्य आजाराच्या पेशंटना त्यांच्या क्लिनिकसाठी महिनोन्‌महिने वाट बघावी लागत होती म्हणून. पेशंटना शहरात आणण्याऐवजी त्यांनी लांबच्या प्रायमरी केअरवाल्यांना दर आठवड्याला व्हिडिओवर एकत्र आणलं, लेक्चर छोटं आणि बाकी वेळ त्या डॉक्टरांच्या स्वतःच्या केसेस. २०११ साली निकाल छापला, ४०७ पेशंट, युनिव्हर्सिटी क्लिनिकमध्ये ५७.५ टक्के बरे झाले आणि या गावातल्या आणि तुरुंगातल्या केंद्रांवर ५८.२ टक्के. पुष्कळ ठिकाणी आता या पद्धतीचे ग्रुप वेगवेगळ्या विषयांवर चालतात. आणि अगदी काहीच नसेल तरी चार-पाच ओळखीचे डॉक्टर आणि एक समजूतदार फिजिशियन एवढ्यावर ग्रुप चालतो, फक्त केस आपली खरी पाहिजे, ओळख लपवलेली पाहिजे, आणि वेळ ठरलेली पाहिजे.

टीमचं ट्रेनिंग एकत्र करा, डॉक्टरचं वेगळं आणि सिस्टरचं वेगळं नको. सगळ्यात सोपी सुरुवात म्हणजे ॲनाफिलॅक्सिसची, म्हणजे अचानक येणाऱ्या जीवघेण्या ॲलर्जीची, ड्रिल. इंजेक्शननंतर पेशंट घामाघूम झाला, ओठ सुजले, श्वास घरघरतोय, घड्याळ सुरू. ॲड्रेनॅलिन कुठल्या कपाटात, किल्ली कुणाकडे, एक्स्पायरी कधीची, सिरिंज तिथेच आहे का, डोस कोण सांगणार. मोठ्या माणसाला एक मिलिग्रॅम प्रति मिली यातलं अर्धा मिली, मांडीच्या बाहेरच्या बाजूला स्नायूत, आडवं झोपवून पाय वर, श्वास लागत असेल तर बसतं ठेवून, पाच मिनिटांत फरक नाही तर परत. पहिल्या ड्रिलला हमखास कळतं की डोस सगळ्यांना पाठ आहे पण किल्ली ड्युटी संपवून गेलेल्या माणसाच्या खिशात आहे! दर तीन-चार महिन्यांनी, न सांगता, दहा मिनिटं. आणि सिस्टरला 'डॉक्टर, डोस परत एकदा बघा' असं मोठ्याने म्हणायची सवय इथेच लागते.

एक गोष्ट लोक ट्रेनिंगमध्ये धरत नाहीत, ती म्हणजे काही पेशंट आपल्याला थकवतात, त्यांचं नाव यादीत दिसलं की पोटात गोळा येतो. मायकेल आणि एनिड बालिंट यांनी १९५० च्या दशकात लंडनला टॅव्हिस्टॉक क्लिनिकमध्ये जनरल प्रॅक्टिशनरचे छोटे गट घ्यायला सुरुवात केली, त्यात औषधाबद्दल नाही तर या पेशंटसमोर मला काय होतं याबद्दल बोलायचं. आजही असे गट चालतात. मला वाटतं दहा वर्षांच्या पुढे गेलेल्या प्रत्येकाने वर्षभर तरी अशा गटात बसावं, कारण या टप्प्यावर माणसाचं वाचन कमी पडत नाही, ऐकून घेण्याची ताकद कमी पडायला लागते, आणि ती कमी झाली की तो लवकर औषध लिहून मोकळा होतो.

वेळेबद्दल स्पष्ट बोलते. हे सगळं ओपीडी संपल्यावर, घरी जाताना, उरलेल्या वेळात होणार नाही. आठवड्यातला एक तास कामाच्या वेळेतला काढा, पाटी लावा, पेशंटना आधी सांगून ठेवा, आणि तुमच्यावर कुणी अधिकारी असेल तर त्याच्याशी यासाठी भांडा. ज्युनियरच्या पगारात काम मोजताना तो तास कामच धरा. शिकणं ही डॉक्टरची खाजगी हौस आहे असं जिथे धरलं जातं तिथे ते पहिल्या गर्दीच्या दिवशी बंद पडतं.

आता कोर्स. तीन महिन्यांची वही आणि एक-दोन ऑडिटचे आकडे हातात आले की मग निवडा. तेव्हा चौकशी करताना नाव किती मोठं यापेक्षा हे विचारा, शिकवणाऱ्यांत प्रत्यक्ष प्रायमरी केअर करणारं कुणी आहे का, माझ्या स्वतःच्या केसेसवर चर्चा होणार का, कुणी मला काम करताना बघणार का, एका दमात संपतो की महिन्यांवर पसरलाय, मध्ये मध्ये परीक्षा आहे का, कारण परत परत आठवून उत्तर द्यावं लागलं की ते नुसतं परत वाचण्यापेक्षा जास्त टिकतं. यातल्या दोन-तीन प्रश्नांना 'हो' असेल तर फॅमिली मेडिसिनचा डिप्लोमा जरूर करा, वेळ आणि पैसा वसूल आहे, विशेषतः पुढे तुम्हाला शिकवायचं असेल तर. सगळ्यांना 'नाही' असेल आणि फक्त सर्टिफिकेट मिळत असेल तर तो पैसा ठेवून चांगल्या मापाचे तीन कफ, एक मोनोफिलामेंट आणि एका विश्वासार्ह क्लिनिकल रेफरन्सचं सबस्क्रिप्शन घ्या. ज्युनियरना तर सोमवारीच विचारा, मागच्या आठवड्यातला कुठला पेशंट अजून डोक्यात आहे, आणि त्याच्यापासून सुरुवात करा.